खालचा बोल्ट आधी खोलणारा मिस्त्री

मंडळी, राग अजून उतरलेला नाही. आज सकाळी अकोल्यात पिकअप डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरांचं, ऑइल बदलायला मिस्त्रीकडे नेली. दुपारी त्याच गाडीतून आमचा तोडलेला झेंडू अमरावतीच्या बाजारात न्यायचा होता.

मी म्हणालो, "दादा, ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी ढिला करून पाहा. मगच खालचा खोला."

"कावून, आता तुमी मले शिकवून राह्यले का?" मिस्त्री हसला आणि त्यानं खालचाच खोलला.

जुनं ऑइल सगळं गळालं. वरचा बोल्ट मात्र गंजून जाम! पाना घसरून त्याच्या कडाही गेल्या. आता भरणार कुठून? कोरडी गाडी चालवणार कशी?

"उद्यापर्यंत थांबा न मंग!" वर हे उत्तर.

झेंडू पोत्यांत तापून काळा पडतोय. मी त्याला चारचौघांत मूर्ख म्हणालो, आणि त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तो खालचा बोल्ट खोलत असताना भिडेखातर त्याचा हात धरला नाही. तुम्ही धरला असता?