दाराबाहेरची आत्या

आमच्या मंडळीतली आत्या आजाऱ्यासाठी डबा घेऊन यायची, दारापर्यंत पोचायची आणि कधी कधी बेल न वाजवताच परत जायची. डबा हातात, कालवण गरम, आत माणूस भुकेलं, आणि ही बाई लिफ्टनं खाली! मंडळी म्हणजे आमचं चर्च. खारघरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी आमची उपासना भरते, आणि तिथल्या लहानथोर सगळ्यांची ती आत्याच होती. तिचं खरं नाव पाळकसाहेबांनाही चटकन आठवायचं नाही.

हा प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला तो मला डेंग्यू झाला तेव्हा. लिफ्टचा आवाज आला म्हणून भिंत धरत धरत मी दारापाशी गेले आणि दाराच्या बारीक भिंगाला डोळा लावला. मी आहेच चौकशीखोर, तापातसुद्धा ते सुटत नाही. बाहेर आत्या उभी. डोक्यावरून पदर, हातात कडीचा डबा, ओठ हलताहेत. मला वाटलं, प्रार्थना चाललीय, झाली की बेल वाजवेल. तर तिनं मान हलवली, स्वतःशीच "छ्या!" म्हणाली आणि वळली. मी कडी काढेपर्यंत लिफ्ट गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि या वेळी बेल वाजली. मी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "आत्या, काल परत का गं गेलीस?"

ती जराही ओशाळली नाही. चपला काढत म्हणाली, "पाहिलंस होय? अगं, मी दारात उभी राहून स्वतःला विचारते, कशासाठी आलीस? काल उत्तर बरं आलं नाही."

"काय आलं?"

"आलं की, शीलाच्या सासूला एकदा कळू दे कालवण कशाला म्हणतात ते."

सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून बरं. मी हसू दाबून विचारलं, "मग त्या कालवणाचं केलंस काय?"

"खाल्लं. झकास झालं होतं."

मूळची ती नगरकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी बेलापूरला आली आणि नवरा गेल्यावरही तिथंच राहिली. मासळीतलं तिला काही म्हणता काही कळत नव्हतं, ते तिला जवळच्या दिवाळे गावच्या कोळणींनी शिकवलं. पुढे पुढे तिला लांबून बघूनच कोळीण ओरडायची, "आत्ये, आज कोन आजारी हाय?" कारण स्वतःसाठी ती ओले बोंबील कधी घ्यायचीच नाही. मग घरी जाऊन रांधायचं आणि डबा घेऊन मेट्रोनं खारघरला यायचं. शेजारी बसलेली कॉलेजची पोरं नाक धरायची. ती त्यांना म्हणायची, "धरा, धरा. आजारी पडलात की हेच मागाल."

पण तिचं ते दारातलं उत्तर ऐकलं आणि मला महिला मंडळातला एक प्रसंग आठवला. आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये रूथबाई राहतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे आवाज अजून वर्गात बोलल्यासारखा. मंडळाच्या सभेत आत्या साक्ष द्यायला उभी राहिली होती. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आत्या म्हणाली, "या आठवड्यात प्रभूनं मला पुष्कळ घरी सेवेसाठी वापरलं," आणि एकेक घर, तिथला आजार, तिथं नेलेलं कालवण असं सगळं सांगत सुटली. रूथबाईंनी तिला मध्येच तोडलं. "आत्या, डबे पोचवलेस, चांगलं केलंस. दवंडी कशाला पिटतेस? तुझी सेवा प्रभूला कमी आणि आम्हालाच जास्त कळते."

बाप रे! आम्ही सगळ्या वर पंख्याकडे बघायला लागलो. आत्या खाली बसली. त्यानंतर तिनं पुन्हा कधी साक्ष दिली नाही. दारात उभं राहणं सुरू झालं ते तेव्हापासून.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ती प्रभुभोजनालाही उठेनाशी झाली. प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घेण्याआधी पाळकसाहेब सांगतात, आपापलं मन तपासा, कोणाशी वाकडं असेल तर आधी समेट करा. आम्ही बाकीचे क्षणभर डोळे मिटतो आणि रांगेला लागतो. आत्या मात्र बाकावर बसून राहायची, आणि मंडळीत कुजबुज व्हायची. ज्या बाईनं सगळ्या आजाऱ्यांना जेवू घातलं तीच प्रभूच्या मेजावरून उपाशी जाते, हे मला बघवत नसे. मी एकदा तिला गाठलंच.

"मनात बाईंचा राग आहे गं," ती म्हणाली. "तो घेऊन कशी जाऊ?"

"मग जाऊन बोल ना त्यांच्याशी."

"बोलायला गेले तर मी किती मोठ्या मनाची, ते दाखवायलाच जाईन. मला मी चांगली ठाऊक आहे."

आता या बाईला काय म्हणावं? समेट केल्याशिवाय मेजाला जायचं नाही, आणि मन निर्मळ झाल्याशिवाय समेटाला जायचं नाही. एवढी चौकशी तर आमच्या सोसायटीचा वॉचमनही करत नाही.

या तपासणीपायी एकदा घोटाळाच झाला. घणसोलीची एक बाळंतीण, घरात दुसरं कोणी बाईमाणूस नाही. आत्या डबा आणणार म्हणून नवऱ्यानं स्वयंपाकाचं पाहिलंच नाही. आत्या गेली, दारात उभी राहिली, आणि उत्तर बरं आलं नाही म्हणून परत आली. त्या दोघांनी चहात पाव बुडवून रात्र काढली. आत्याला हे कळलं तेव्हा ती माझ्यासमोर घळाघळा रडली. "माझ्या मनाच्या भानगडीत ओल्या बाळंतिणीला उपाशी ठेवलं गं मी." मलाही वाईट वाटलं, पण मी तेव्हा तिची समजूत काढली नाही. मला तिचा भयंकर राग आला होता.

आणि मग रूथबाई बाथरूममध्ये पडल्या. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण अन्न जाईना. त्यांच्याजवळ राहायला ठेवलेली मुलगी रोज माझ्याकडे येऊन सांगायची, "ताई, बाई दोन घास पन खात नाय. मला टेन्शन येतंय." मंडळीतून कोणी खिचडी पाठवली, कोणी सूप. सगळं तसंच परत.

एका दुपारी लिफ्ट थांबली. मी भिंगाला डोळा लावला. समोरच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून, आत्या. हातात तोच कडीचा डबा. बराच वेळ उभी राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती परत फिरायला लागली तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. दार उघडून मी तरातरा बाहेर आले आणि रूथबाईंची बेल दाबली. चांगली दाबून धरली.

"अगं मेले, काय केलंस हे!" आत्या ओरडली.

"तुझी तपासणी चालू दे. बाईंच्या पोटात काही नाही."

त्या मुलीनं दार उघडलं. आतून रूथबाईंचा आवाज आला, बारीक झालेला पण वर्गातलाच. "आलीस का एकदाची? परवापासून दारात बोंबलाचा वास येतोय. माझी कंबर मोडलीय, नाक नाही."

आत्या उंबऱ्यातच थांबली. "बाई, खोटं कशाला बोलू? माझ्या मनात तुमचा राग आहे अजून."

"असू दे. मी काय धुतल्या तांदळासारखी आहे? तुला बोलले ते खरं होतं, पण चारचौघीत बोलले ते माझा शहाणपणा दिसावा म्हणून. दवंडी मीही पिटलीच की." त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, "तुझं मन निर्मळ होईस्तोवर थांबायचं तर मी तोवर मरून जाईन, आत्या. मळकं असलं तरी तेच घेऊन ये. फक्त कालवण गरम आण."

आत्या हसली की रडली, मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि त्या मुलीला विचारलं, "गॅस कुठाय गं?"

त्या दिवशी बाई वाटीभर भात जेवल्या. पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी आले. पलंगाशेजारी खुर्ची ओढून आत्या बसली होती. दोघींनी एकाच वेळी हात पुढे केले.

दारात थांबायची आत्याची सवय नंतरही गेली नाही. पण उत्तर काहीही आलं तरी ती बेल दाबायची. "आणि उत्तर वाईट आलं तर?" मी विचारलं. "तर आत जाऊन कमी बोलते," ती म्हणाली. ज्या दिवशी आत्या अगदी गप्प बसायची त्या दिवशी मला आपोआप कळायचं.

गेल्या नाताळाआधी आत्या प्रभूकडे गेली. चार दिवसांचं आजारपण, कोणाला डबा न्यायलाही तिनं अवसर दिला नाही. दफनविधीला साक्ष द्यायला रांग लागली, सगळे तिच्या सेवेबद्दल भरभरून बोलले. रूथबाई वॉकर धरून उठल्या, "कालवण फार चांगलं करायची," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. मला रडू आवरेना.

परवा बाईंना ताप आला. मी दिवाळ्याला जाऊन ओले बोंबील आणले, आत्याच्या पद्धतीनं कालवण केलं आणि डबा घेऊन समोरच्या दाराशी गेले. हात बेलपर्यंत गेला आणि थांबला. मी स्वतःला विचारलं, शीला, कशासाठी आलीस? आतून ताबडतोब उत्तर आलं: मंडळीनं म्हणावं, शीला अगदी आत्यावर गेली म्हणून. इतकी लाज वाटली! डबा घेऊन मी मागे वळले. माझं दार उघडंच होतं.

तेवढ्यात मागून, बंद दारातून, रूथबाईंचा आवाज आला.

"शीला, वास आलाय. बेल दाब."