मंडळी विचारत होती

गोर्डे गेले त्या दुपारी मी वाटाणे सोलत बसले होते. मोबाइल वाजला. हात पुसून बघते तर त्यांच्या बहिणीचा, सरोजताईंचा मेसेज. ‘दादा आज सकाळी प्रभूमध्ये झोपी गेला.’ मी मेली घाईत. ‘झोपी गेला’ एवढंच डोळ्यांत भरलं आणि मला हायसं वाटलं. कारण आदल्याच आठवड्यात भेटायला गेले होते, तर हा माणूस धापा टाकत म्हणाला होता, ‘वहिनी, बाकी काही नको, एकदा सलग झोप लागू दे.’ मी लगेच लिहिलं, ‘बरं झालं. झोपू दे त्यांना. उठले की मला फोन करायला सांगा.’ आणि पुन्हा वाटाण्यांना लागले. थोड्या वेळाने ठाण्याहून त्यांच्या चर्चमधल्या शालिनीबाईंचा फोन आला, हुंदके देत, तेव्हा कळलं. त्यांच्या मराठीत प्रभूमध्ये झोपी जाणं म्हणजे... माझ्या पायाखालची जमीनच सरकली. गोर्डे गेले म्हणून, आणि आपण हे काय लिहून बसलो म्हणूनही. मेसेज खोडायला गेले, तर दोन निळ्या खुणा उमटलेल्या. सरोजताईंनी वाचला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. ह्या लोकांच्या मराठीने माझी फजिती केली, ती काही पहिल्यांदा नव्हे. पहिली फजिती सांगितल्याशिवाय शमुवेल गोर्डे हा माणूस कळायचा नाही, म्हणून तीच आधी सांगते.

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कळव्याच्या आमच्या घरात सगळंच उलटंपालटं झालं. दवाखान्यातून घरी आणलं खरं, पण पलंगावरून खिडकीपर्यंत न्यायचं म्हणजे दोन माणसं लागायची. आमच्या वॉचमनने एक नंबर दिला. म्हणाला, ‘गोर्डे म्हणून आहेत, आजारी माणसांच्या वस्तू वापरायला देतात.’ मी फोन केला, आणि संध्याकाळी एक उंच, काटकुळा माणूस घडीची व्हीलचेअर डोक्यावर घेऊन दारात उभा. लिफ्ट बंद होती, जिन्याने चढून आलेला. ‘पाणी देते,’ म्हटलं, तर म्हणाला, ‘आधी साहेबांना बसवू या.’ ह्यांना खिडकीशी बसवलं. कित्येक दिवसांनी ह्यांनी रस्ता बघितला. मी विचारलं, ‘कुणाची आहे हो ही खुर्ची?’ ते म्हणाले, ‘मंडळीची.’

आता माझ्या पिढीत मंडळी म्हणजे बायको. बायकोचं नाव घ्यायला लाजणारे आमचे काका-मामा ‘मंडळी माहेरी गेलीय’ असंच म्हणायचे. त्यामुळे मी आपलं मनाशी धरून चालले की गोर्ड्यांच्या बायकोच्या वडिलांची वगैरे असेल, आता दुसऱ्यांच्या उपयोगी पडतेय. गोर्डे अधूनमधून यायचे, चाकांना तेल द्यायचे, ह्यांच्याशी क्रिकेटवर बोलायचे. जाताना म्हणायचे, ‘मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय.’ मी म्हणायची, ‘फार देवभोळ्या दिसतात हो.’ ते म्हणायचे, ‘आहे खरी.’ संक्रांतीला मी तिळगुळाबरोबर एक हिरवा खण त्यांच्या हातात ठेवला. माणूस गोंधळला. ‘हे... मंडळीला?’ मी म्हटलं, ‘मग काय, तुम्ही शिवून घालणार आहात?’ मुकाट्याने घेऊन गेले. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पुढचं आपणच जोडायची सवय नोकरीतच लागली, ती अजून जात नाही.

हे गेले. तेरावं झालं, गावची माणसं मालवणला परतली, मुलगी पुण्याला गेली, आणि घर खायला उठलं. बेल वाजायची बंदच झाली. वाजवायचे ते फक्त गोर्डे. दारातून म्हणायचे, ‘खुर्ची न्यायला आलोय.’ आत यायचे, चहा घ्यायचे, ह्यांचा विषय काढायचे. मी बोलत सुटायची. ह्यांच्या रागाचं, ह्यांच्या मासे आणायच्या तऱ्हेचं, शेवटच्या दिवसांत तोंडातून शब्द फुटेना तेव्हा माझ्या नथीकडे बोट दाखवायचे त्याचं. मग खुर्चीची वेळ आली की मी उगाच कप विसळायला उठायची. खुर्चीच्या हातांना मी माझ्या जुन्या सुती साडीची खोळ शिवली होती, डावीकडची ह्यांच्या बोटांनी विरली होती. ती खुर्ची दाराबाहेर गेली की हे खरंच गेले, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. गोर्डे उठायचे आणि म्हणायचे, ‘राहू दे हो. चाकं आहेत म्हणून काय पळून जातेय? पुढच्या आठवड्यात नेतो.’ आणि जिन्यातून वळून, ‘मंडळी विचारत होती तुम्हाला.’

झालं! दर वेळी तेच. मला वाटलं, ही बाई नवऱ्याच्या मागे खुर्चीसाठी भुणभुण लावतेय आणि हा बिचारा गोड शब्दांत सांगतोय. एके दिवशी माझा तोल सुटला. ‘तुमच्या मंडळींना म्हणावं, एवढी घाई असेल तर स्वतः येऊन घेऊन जा!’ मला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. तर त्याचा चेहरा उजळला. ‘येऊ दे? खरंच?’ मी म्हटलं, ‘या म्हणावं! मी कुणाला घाबरते की काय!’

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडते तो जिना माणसांनी भरलेला. नऊवारीतल्या एक आजी, कुंकू न लावलेल्या पण मोगरा माळलेल्या बायका, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ (ते त्यांचे पाळक, म्हणजे पाद्री, हे मागून कळलं), कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात केक. सगळ्यांच्या पुढे गोर्डे, वऱ्हाड आणल्यासारखे हसत. ‘वहिनी, ही आमची मंडळी.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ह्या सगळ्या?’ गोर्ड्यांना आधी कळेचना. मग कळलं, आणि तो काळासावळा माणूस कानापर्यंत लाल झाला. ‘अहो वहिनी, मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं! माझं लग्नच झालेलं नाही.’ हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. भिंतीला धरून हसले, हसता हसता रडायला लागले, तर त्या आजींनी मला पोटाशी धरलं. त्या दिवशी मीच ह्यांची खुर्ची ढकलत लिफ्टपर्यंत नेली. वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. आणि पुढच्या आठवड्यात गोर्डे पुन्हा दारात! ‘आता काय न्यायला आलात?’ विचारलं, तर म्हणाले, ‘काही नाही. चहाची सवय लागलीय.’

मग हळूहळू मी त्यांच्या कामात ओढली गेले. त्यांच्या चर्चच्या बाकांमागे वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या रचून ठेवलेल्या असायच्या, ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुणालाही लागल्या तर द्यायच्या. गोर्ड्यांनी लोकांना माझा नंबर द्यायला सुरुवात केली, मला न विचारता. ‘तुमचा आवाज फोनसाठीच केलाय,’ म्हणाले. आमच्या मजल्यावरच्या एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘जपून हं, ही माणसं गोड बोलून धर्म बदलायला लावतात.’ मी सरळ गोर्ड्यांनाच विचारलं. माझा स्वभावच तसा. ते म्हणाले, ‘प्रार्थना करतो, ते तुम्हाला सांगूनच करतो. त्यापुढे मंडळी काही मागणार नाही. चहा मात्र मागेल.’ माझा गणपती माझ्या घरी बसतो, त्या वर्षीही बसला, आणि गोर्ड्यांनी पाच मोदक खाल्ले.

एकदा कळव्याच्या बाजारात भेटले, उन्हात रिकामी खुर्ची ढकलत निघालेले. मी वैतागले. ‘अहो, ह्या वयात कशाला दारोदार फिरता? काम झालं की आणून द्या म्हणावं लोकांना.’ ते थांबले, घाम पुसला. ‘द्यायला कुणीही जाईल वहिनी. माणूस गेल्यावर कोण जातं? नुसतं कसे आहात विचारायला गेलं तर लोक दार अर्धंच उघडतात. खुर्ची न्यायला आलो म्हटलं की आत घेतात.’ मला माझेच ते दिवस आठवले.

त्यांची फुप्फुसं थकली तेव्हा स्वतः खुर्चीत बसायला मात्र तयार नव्हते. दुसऱ्या कुणाला लागेल, म्हणायचे. शेवटी मी फोनवर आवाज चढवला तेव्हा ऐकलं. गेले तेव्हा ठाण्यात बाळकुमला त्यांच्या घरी होती ती खुर्ची हीच, माझ्या साडीच्या खोळीची.

त्यांच्या स्मरणाच्या उपासनेला मी गेले होते. सरोजताई घराबाहेर पडत नव्हत्या, त्या आल्या नव्हत्या. पुढच्या टेबलावर पवित्र शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, ठेवलेलं, त्याखाली काहीतरी हिरवं. निरखून बघितलं... माझा खण! काठ दुमडून, नीट इस्त्री करून अंथरलेला. मंडळीला दिला होता, तर मंडळीलाच पोचवला होता बापड्याने. उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, आता बाळकुमहून खुर्ची आणायला कोण जाईल? कुणीच मान वर करेना. शालिनीबाई म्हणाल्या, ‘मी गेले तर सरोजच्या आधी मीच रडेन.’ मी म्हटलं, ‘मी जाते.’ म्हणून तर बसले, पण त्या मेसेजनंतर कुठल्या तोंडाने जायचं?

बाळकुमच्या उंच टॉवरांमागे त्यांची जुनी इमारत आहे, जिन्यात दिवसाही अंधार. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. ‘कोण? कुणाकडून आलात?’ मी परब, कळव्याची, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून आलं, ‘मंडळीकडून. खुर्ची न्यायला आलेय.’

साखळी निघाली. खुर्ची खिडकीशी होती, पाठीवर गोर्ड्यांचा स्वेटर. सरोजताईंनी चहा टाकला आणि बोलत सुटल्या. ऑपरेटर असताना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची मनाई होती, त्याची सगळी भरपाई मी त्या दुपारी केली. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, ‘सरोजताई, तो मेसेज... मी नीट वाचलंच नव्हतं हो. माफ करा.’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘का माफ करायचं? सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं. शास्त्र पाठ असलेली आमची माणसं, त्यांनीही तेच. तुम्ही एकट्यांनी लिहिलंत, उठले की फोन करायला सांगा. आमचा विश्वास तोच आहे, वहिनी. प्रभू येईल तेव्हा दादा उठणार आहे. तो गेला त्या दिवशी मलाच त्याचा विसर पडला होता.’ आणि मग त्या पोटभर रडल्या. मी पण.

निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘अहो, खुर्ची?’ मी चपला घालत होते. ‘राहू दे हो. चाकं आहेत म्हणून काय पळून जातेय? पुढच्या आठवड्यात नेते.’ चार पायऱ्या उतरले आणि आठवलं. वळून म्हटलं,

‘मंडळी विचारत होती तुम्हाला.’