समितीला वाढलेला चीक

गोदूमावशीच्या कुरोड्या एके काळी इतक्या पांढऱ्या निघायच्या की रायपूरच्या सदर बाजारातला दुकानदार त्या काचेच्या बरणीत भरून पुढ्यात मांडायचा. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्यानं अख्खा डबा परत केला. म्हणाला, "मौसी, ये काला-काला क्या है? जीरा डालने लगीं क्या?" मावशी डबा घेऊन घरी आली आणि रस्त्याकडे तोंड करून जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हा रस्ता तिच्या दारावरून उरल्याच्या कारखान्यांकडे जातो. दिवसभर राखडीचे ट्रक. राखड म्हणजे कारखान्याच्या भट्टीतली राख, पिठासारखी बारीक. ट्रकावर ताडपत्री नाही, आणि मावशीच्या घरासमोरच गतिरोधक. ट्रक उडाला की पसाभर राखड पाऱ्याच्या, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याच्या, अंगावर.

मावशी मूळची गोंदियाकडची. नवरा, पांडुरंग, रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होता. जागा स्वस्त मिळाली म्हणून त्यानं इथं घर बांधलं. स्वस्त काहून होती ते राखड आल्यावर समजलं. नवरा गेला, पेन्शन सुरू झाली. पेन्शनवर पोट चालतं. पण मावशीचं नाव होतं ते कुरोड्यांवर, आणि ते नाव काळं पडत होतं.

तिनं पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, दार ठोठावलं. ट्रकापुढं काठी घेऊन उभी राहिली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "माताजी, मैं तो गाड़ी चलाता हूँ, राखड़ मेरी थोड़ी है।" त्याचं म्हणणं मावशीला पटलं, म्हणून जास्तच राग आला.

तिची भाची ज्ञानदा वकिलाकडे टायपिंगला आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "मौसी, विधानसभा में याचिका लगा दो। कोई भी लगा सकता है। बस एक विधायक के दस्तखत चाहिए।"

"मह्यासारखीची कोण वाचन व तिथं?"

ज्ञानदानं मोबाइल काढला. कोणत्या देशात कसं असतं ते दाखवू लागली. "ये देखो, इंग्लैंड में एक लाख लोग दस्तखत करें, तब जाकर बहस की बात चलती है।"

"लाख?" मावशी म्हणाली. "लाख लोकं सही करेपर्यंत मह्या कुरोड्यायचा कोळसा होईन. त्यापरीस आपलंच बरं."

याचिका लिहिली गेली. मागण्या दोनच: ट्रकांवर ताडपत्री, आणि रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी. खाली पाऱ्यातल्या एक्केचाळीस जणांच्या सह्या-अंगठे. आमदारानं सही केली, सदनात मांडायचंही कबूल केलं. त्या दिवशी ज्ञानदानं दर्शक दीर्घेचे, म्हणजे प्रेक्षक गॅलरीचे, पास काढले. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून नव्या रायपूरला गेली, आणि तोंडातून आवाज न काढता दोन तास बसली. पाऱ्यात अजून कोणाला हे खरं वाटत नाही. शेवटी वरच्या खुर्चीतून शब्द आले: याचिका पढ़ी हुई मानी जाएगी.

मावशी भाचीकडे वाकली. "वाचली कधी?"

"मान ली, मौसी।"

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "सत्यनारायणाची पोथी अशी वाचलेली मानली असती, त आजवर कितीकदा प्रसाद लवकर भेटला असता."

पण मानलेली याचिका पुढे सरकली. याचिका समितीकडे गेली, आणि चैतात पत्र आलं. समिती गुरुवारी सकाळी दहा वाजता जागा पाहायला येणार. वेळ अर्धा तास.

आता पत्रात लिहिलं होतं 'स्थल निरीक्षण'. पाऱ्यानं वाचलं 'पाहुणे'. गुरुवारी पहाटेपासून बाया झाडू घेऊन बाहेर. शेजारच्या छत्तीसगढी कलावती साहूनं बोअरचा पाइप ओढला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रस्ता भिजवला. दारोदारी रांगोळी पडली. मावशीनं गच्ची धुतली, जिना धुतला, तुळशीचं पान न् पान पुसलं. एवढं करूनही दिवसाच्या कुरोड्या तिनं चुकवल्या नाहीत. गहू तीन दिवस भिजलेला होता. समिती येते म्हणून गहू थांबत नाही.

साडेनऊला ज्ञानदा स्कूटीवर आली. तिनं रस्ता पाहिला आणि हेल्मेट काढायचंच विसरली.

"मौसी, ये क्या कर दिया?"

"काय केलं? पाहुणे येऊन राहिले ना?"

"वो धूल देखने आ रहे हैं, मौसी।"

मावशीच्या हातातला झाडू हातातच राहिला. कलावतीनं हळूच पाइप पायामागं सरकवला. म्हणाली, "हव दीदी, ये तो गड़बड़ होगे."

दहाच्या ठोक्याला दोन गाड्या आल्या. चार आमदार, एक फाइलवाले साहेब, आणि समितीचे अध्यक्ष. अंगात पांढराशुभ्र कुरता. त्यांच्यादेखत दोन ट्रक गेले. ओल्या रस्त्यावरून सुईसारखे गेले, अन् कण उडाला नाही.

"माताजी, यहाँ तो बड़ी सफाई है," अध्यक्ष म्हणाले.

मावशीला खोटं जमत नाही, भांडण जमतं. "साहेब, ते पानी हमनेच मारा. सकाळी. तुम्ही येणार म्हणून."

अध्यक्ष हसले. हसू वाईट नव्हतं. "मैं समझ गया, माताजी। पर रिपोर्ट में वही लिखा जाता है जो समिति ने देखा।"

फाइलवाल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकराला सिलतऱ्यात दुसरी जागा होती.

मावशीनं वर पाहिलं. ऊन चैताचं, कडक. खाली पाहिलं. रस्त्याची कड जरा पांढुरकी झाली होती. चाळीस वर्षं जिनं उन्हात कुरोड्या वाळवल्या, तिला कोणतं पाणी किती वेळात उडतं ते घड्याळाला विचारावं लागत नाही. अजून पाऊण तास, तिनं धरलं. आणि यांच्याकडे अर्धा.

"चला वर," ती म्हणाली. "चीक झाला हाय. चीक खाल्ल्याबिगर मह्या घरून कोणी जात नाई."

"माताजी, मुझे शुगर है।"

"मी कुठं साखर घालते? तेल अन् मीठ."

कुरोडी पाडण्याआधी गव्हाचं सत्त्व शिजवून जे घट्ट, चकचकीत पिठलं होतं, तो चीक. त्याची खोडी अशी की वर साय धरून गरीब दिसतो आणि पोटात विस्तव ठेवतो. घाई करणाऱ्याला तो माफ करत नाही. एका आमदारानं मोठा चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"फुंकून खा, बापू," मावशी म्हणाली. "कोण मागं लागलं हाय?"

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. बाजूला पांढऱ्या धोतरावर कलावती साच्यातून कुरोड्या पाडत होती. समिती फुंकत होती. मावशी एक डोळा वाट्यांवर आणि एक रस्त्यावर ठेवून होती. आधी चाकांचे दोन पट्टे वाळले. वाटी खाली गेली की मावशीचा डाव आलाच, पातेल्यातून वाफाळता. "सर, साढ़े दस हो गए," फाइलवाले साहेब म्हणाले. पण अध्यक्षांच्या वाटीत नुकताच गरम चीक पडला होता, आणि अन्न टाकून उठणारा माणूस तो नव्हता.

रस्त्याची मधली पट्टीही पांढरी झाली. एक ट्रक गेला, थोडं उडालं. मग दुसरा आला. वरपर्यंत भरलेला, उघडा, घाईचा. गतिरोधकावर उडाला.

राखड वर आली. घाई न करता आली आणि सगळ्यांवर सारखी बसली. धोतरावरच्या ओल्या कुरोड्यांवर, कुरत्यावर, वाट्यांमध्ये.

अध्यक्षांनी एका कुरोडीवर बोट फिरवलं. बोट करडं झालं. ते त्यांनी फाइलवाल्या साहेबांपुढं धरलं. "लिखिए।"

"क्या लिखूँ, सर?"

"पहले समय लिखिए। दस बजकर बावन मिनट।"

मग त्यांनी चिकावरची साय चमच्यानं बाजूला सारली आणि खालचा चीक संपवला.

पावसाळी अधिवेशनात समितीचा अहवाल सदनात ठेवला गेला. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे ज्ञानदानं दहादा समजावलं. तरी दिवाळीनंतर ट्रकांवर ताडपत्र्या दिसू लागल्या; सगळ्यांवर नाही, पण चारातल्या तीन ट्रकांवर. टँकर दोनदाऐवजी एकदा येतो, कधी तोही दांडी मारतो. यंदा कुरोड्या पांढऱ्या निघाल्या. अगदी पूर्वीसारख्या नाहीत. दुकानदारानं उजेडात धरून पाहिल्या आणि बरणीत भरल्या.

परवा पुन्हा पत्र आलं. शिफारस पाळली जाते की नाही, ते पाहायला साहेब लोक मंगळवारी येणार. टँकर तीन दिवस आलेला नव्हता. कलावतीनं सवयीनं झाडू उचलला.

"बहार दँव का, दीदी?"

"हात नको लावू," मावशी म्हणाली. "जसं हाय तसं राहू दे. गहू मात्र आजच भिजव."