गजूभाऊंचे तीन किलो

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत होते. महिन्याची वजनं घ्यायचा दिवस होता. एक पोरगं काट्यावर उभं राहायला तयार नव्हतं आणि मी त्याला समजावत होते. फोनवर आमचे हे होते, खामगावच्या दवाखान्यातून. "गजू गेला," एवढंच म्हणाले. त्यांच्या मागे कोणीतरी पलंग सरकवत नेल्याचा आवाज येत होता. मी पोराला त्याच्या आईकडे दिलं, मदतनीस बाईंना दोन शब्द सांगितले आणि घराकडे निघाले. गजानन माझे दीर. जेमतेम एकतीस वर्षांचे होते. आता महिना उलटून गेला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी वरवट बकालला आले तेव्हा ते अठराचे होते. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घरातली चूल पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आली, आणि चुलीबरोबर हे दीरही. ते अकोल्याला राहून बॉक्सिंग शिकत आणि सुटीत घरी येत. नाव गजानन, अंग मात्र तुरीच्या काडीसारखं. गावातली माणसं हसत. मीही मनातून हसत असे, पण एकदा अकोल्याला त्यांची लढत पाहिली आणि हसणं थांबलं. मला वाटलं होतं, मारामारी असेल. तसं नव्हतंच. समोरचा मुलगा जिथे मारायला जाई तिथे गजूभाऊ नसतच. जरा बाजूला, जरा मागे, आणि मग अचानक अगदी त्याच्यासमोर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "हा बारका कोणाचा हो?" मी म्हटलं, "आमचा."

या खेळात वजनाचे गट असतात. गजूभाऊ एकोणपन्नास किलोच्या गटात खेळत, तो तेव्हाचा सगळ्यात हलका. त्या गटातले बहुतेक जण मुळात चार-पाच किलो जास्तीचे असायचे. वजन द्यायच्या आधी ते पाणी सोडत, जाड कपडे घालून पळत, घाम काढून काढून गटात बसत. गजूभाऊंना यातलं काही करावं लागत नसे. ते मुळातच एकोणपन्नासचे. "बाकीचे पोट्टे तहानलेले बसले राहत, थुंकत राहत, अन् मी सकाळी पोहे खाऊन जाओ," ते सांगत. "माह्या प्लेटीकडे असे पाहेत वहिनी, मलेच लाज वाटे." राज्यात त्या गटात त्यांना तोड नव्हती. देशाच्या स्पर्धेतही पदक आलं. नोकरीचं बोलणं सुरू झालं होतं, दोन ठिकाणांहून मुलीसाठी विचारणाही झाली होती.

आणि मग वरच्या स्पर्धांमधून तो गटच काढून टाकला. कोणी, कुठे बसून ठरवलं ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आता सगळ्यात हलका गट बावन्नचा. अकोल्याच्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, गजूचे हात सोन्याचे आहेत, फक्त तीन किलो वाढवा, बाकी मी बघतो. तीन किलो म्हणजे काय, आमच्याकडे निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत तेवढी वांगी सहज टाकतात. घरात सगळ्यांना सोपंच वाटलं. वाटलं नाही ते एकट्या गजूभाऊंना. "तिथं येणारे पोट्टे बावन्नचे नसते वहिनी," ते म्हणाले. "छप्पन-सत्तावनचे असते. वजन देते अन् मंग पाणी पिऊन परत तेवढेच होते. मी पाणी पिऊन कितीक होणार?"

तरी सुरुवात केली. दुसरं करणार काय? मागे जायला गट उरला नव्हता. केळी, खजूर, तूप, सरांनी सांगितलेली पावडर. आमच्या घरात अंडं चालत नव्हतं, तर गोठ्यात वेगळी चूल मांडून मी तिथे अंडी उकडायला लागले. दोन घास खाल्ले की ते थांबत, ताटाकडे बघत बसत. मी वाढायला उभी, ते खायला बसलेले, आणि दोघांनाही तिथून हलता येत नसे. दर आठवड्याला ते अंगणवाडीत येऊन बायकांच्या काट्यावर उभे राहत. काटा अर्धा किलो पुढे जाई, आणि सरावाला लागले की तेवढाच मागे येई. शेवटी कसेबसे एक्कावन्नच्या वर टिकले, तर चाल बिघडली. अंगणात दोरीवर उड्या मारता मारता मध्येच थांबले आणि पायांकडे बघत राहिले. मी विचारलं, "काऊन, काय झालं?"

"काई नाई. दुसऱ्याचे पाय लावल्यावानी लागून राह्यलं."

निवड लढतीला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. समोर एक उंच, रुंद खांद्याचा मुलगा. पहिल्या फेरीत त्याला गजूभाऊ सापडलेच नाहीत. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. यांनी माझा हात घट्ट धरला होता, चारचौघांत पहिल्यांदाच. दुसऱ्या फेरीत त्या मुलाने मारणं कमी केलं. तो नुसता जवळ येई, मिठी घातल्यासारखं धरी आणि सगळं अंग गजूभाऊंवर टाकी. पंच सोडवत, तो पुन्हा धरी. गजूभाऊ कोपऱ्यात गेले. पाठीला दोर, समोर तो. डावीकडून निघायला जात तर तिकडे त्याचा खांदा, उजवीकडे जात तर कोपर. तिसऱ्या फेरीत त्यांचे हात खाली आले. एकही मोठा ठोसा न खाता ते हरले… परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून एवढंच म्हणाले, "त्यानं मले मारलं नाई. त्याचं वजन वागवाले लावलं."

सर म्हणाले, पुढच्या वर्षी जमेल. पुढच्या वर्षी बरगडी मोडली. त्यानंतर सरांचे फोन कमी होत गेले. गजूभाऊ घरी आले, भावाबरोबर भाजीच्या वावरात राबू लागले. नोकरीचं बोलणं विरलं, मुलीकडचेही दुसरीकडे गेले. गावात चहाच्या टपरीवर मात्र विषय जिवंत होता. कोणी म्हणे, गजू वरच्या गटात नक्की चालला असता, घाई केली. कोणी म्हणे, हाड बारीक, ते काही वाढत नसते. ते तिथेच बाकावर बसून दोन्ही बाजू ऐकत, जणू गोष्ट तिसऱ्याच माणसाची आहे.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते अचानक भरले. चेहरा गोल झाला, मनगटं जाड दिसू लागली. बायका म्हणाल्या, आता तुमच्या दिराले अंग लागलं. मलाही बरं वाटलं. एका दुपारी ते अंगणवाडीत आले, चपला काढून काट्यावर उभे राहिले. बावन्नच्या थोडं वर. खूप दिवसांनी मोकळे हसले. "घ्या वहिनी, भरले तीन किलो. सरांले फोन लावा." मीही हसले. मग ते खाली उतरले आणि चपलेत पाय घालायला लागले, तर पाय जाईना. मी वाकून त्यांच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारट, आणि हा आजार इथे घरोघरी माहीत आहे. गावात काही जणांनी पावडरीचं नाव घेतलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं झालं, पावडरीनं की आणखी कशानं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. यांनी आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी केली, तपासणीत यांनाच रक्तदाब निघाला. ते दारही लागलं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगाव, चार-चार तास मशीनला बांधलेले हात. मशीनच्या आधी वजन, मशीनच्या नंतर वजन. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेई, आणि ते पुष्कळदा तीन किलोच भरे.

पाण्याचं माप ठरलं होतं. मी सकाळी एक लहान बाटली भरून देई, ती दिवसभर पुरवायची. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. ते चूळ भरत, पाणी तोंडात घोळवत आणि थुंकून टाकत. एकदा मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "त्या पोट्ट्यायचं आता समजते मले. तवा माही बारी आली नोती."

शेवटच्या महिन्यात खामगावहून परत येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. टपरीवरचा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. "गजूभाऊ, खरं सांगा, वरच्या गटात जमलं असतं का?"

ते खिडकीबाहेर बघत होते. शेगाव मागे पडलं. "पहिल्या फेरीत वाटलं होतं, जमते," ते म्हणाले. "तेवढंच माहीत हाये मले. पुढचं त्यानं पाहूच नाई देल्लं." आणि मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "पण ते पह्यली फेरी तुमी पाह्यली ना?"

"हाव. पाह्यली," मी म्हटलं.

त्यानंतर एका सकाळी मशीनवर असतानाच त्यांचं हृदय थांबलं. 

तेरवीला अंगणात त्यांच्या नावाचं पान वाढलं. यांनी पानाशेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवलं. मी ते उचललं, आत गेले आणि घरातला सगळ्यात मोठा तांब्या काठोकाठ भरून आणला. यांनी माझ्याकडे पाहिलं. ठेवताना बरंचसं पाणी पानावर सांडलं, वरणात मिसळलं, जमिनीवर ओघळलं. चुलत जाऊबाई फडकं घेऊन पुढे आल्या. मी म्हटलं, राहू द्या.