सोफ्यामागचा निळा चौकोन

संजय गेल्याचा फोन पिंगळीहून आला तेव्हा मी शाळेत वेळापत्रक लावत होते. हृदयविकाराचा झटका, दवाखाना गाठायच्या आतच... माझा मामेभाऊ, आठ वर्षांनी लहान. चार महिने आमचं बोलणं नव्हतं, आणि ते बंद मी केलं होतं.

लग्नाच्या मांडवात स्पीकर लावता लावता तो घरातल्या थिएटरच्या कामात शिरला. परभणीतल्या आमच्या हॉलमध्ये त्याने दोन सबवूफर बसवले, ठोक्याच्या आवाजाचे जड डबे. आधी एक डबा चक्क सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला, गाणं लावलं आणि ठोका स्वच्छ कुठे ऐकू येतो ते शोधत भिंतीच्या कडेकडेनं रांगत निघाला. आमचे हे म्हणाले, "मेव्हण्याला पाळणा आणावा लागतो वाटतं." तो खालूनच म्हणाला, "आणा दाजी, पण आधी पंखा बंद करा. खोली काय म्हणायलीय ते ऐकू द्या." मग प्रत्येक बैठकीवर कानाच्या उंचीला माईक ठेवून त्याने मशीनकडून खोली मोजून घेतली. दुसऱ्या डब्याची जागा निघाली सोफ्याच्या मागे, मधोमध. मला ती अडचणीची वाटली. "मोजमाप या जागेचं हाय अक्का," तो म्हणाला, "डबा हलला की समदं बिघडतंय."

भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायला गड्यांकडून हॉल रिकामा करून घेतला, फरशीभर सतरंज्या अंथरल्या. सण झाल्यावर तो डबा मी कोपऱ्यात ठेवला, केर काढायला सोपं. तेव्हापासून सोफ्यावर नुसता घुमारा, बातम्यासुद्धा हंड्यात तोंड घालून वाचल्यासारख्या. मी फोन करून त्याला झापलं. त्याने एकच विचारलं, "अक्का, डबा हलवला का?" मी "नाही" म्हणाले. सणाच्या आवराआवरीत वस्तू इकडच्या तिकडे होतातच, त्याला मी हलवणं धरतच नव्हते. "येऊन बघतो," तो म्हणाला. "काही गरज नाही," म्हणून मी फोन ठेवला. वर ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्याचं काम कच्चं आहे, देऊ नका. त्यांच्या नव्या बंगल्यातली थिएटरची खोली हे त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं काम होतं. मुख्याध्यापिकेचा शब्द, काम गेलं. त्याला कळलं होतं, तरी तो विचारायला आला नाही.

तेराव्यानंतर साफसफाईला सोफा सरकवला. फरशीवर निळ्या चिकटपट्टीचा चौकोन होता, आणि पट्टीवर पेनने त्याचं अक्षर: "अक्का, इथंच." डबा ओढत नेऊन चौकोनात ठेवला, टीव्ही लावला. आवाज स्वच्छ, सोफ्याच्या दोन्ही टोकांना सारखा... मी उभ्यानेच ऐकलं. बसवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं की काम पक्कं होतं, खोटं मी बोलले. "खोली अजून तशीच पडलीय मॅडम," म्हणाल्या. "आता कुणाला बोलावू?"

यंदा महालक्ष्म्या आतल्या खोलीत बसतील. सोफ्यामागचा केर मी कुणाला काढू देत नाही. पट्टी सुटू नये म्हणून चौकोनाच्या कडेकडेनं मीच काढते... गुडघ्यांवर.