आहेर परत

छत्तीसगढचं नवं राज्य झालं आणि रायपुरात सगळ्यांनाच मोठं व्हायची घाई झाली. माझी भोपाळहून बदली झाली तीही त्याच गर्दीत. दादाने तेलीबांध्याला दुमजली घर बांधलं होतं. वरची खोली बहिणीची, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्या खोलीत हिवाळ्यात घरातले सगळे कूलर असत, बारा महिने पाहुण्यांच्या गाद्या असत, आणि उरलेल्या जागेत मी. वहिनी लोणच्याची बरणी न्यायला यायची तेव्हा दार वाजवत नसे. बरणीसाठी कोण दार वाजवतं?

म्हणून मी तात्यापाऱ्यात स्वतःची खोली घेतली. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, दार थेट गल्लीत. खाट, शेगडी, कपड्यांची पेटी आणि स्वयंपाकापुरती भांडी. यापलीकडे मला काही नको होतं. नको म्हणजे नको.

दादा बघायला आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"एवढ्याशा खोलीत काहून राहायचं तुले? लोक म्हणतील, भावानं बहिणीले घराबाहेर काढलं."

"लोकायले मी सांगीन ना, मीच निघाली म्हणून."

"बघू. येशील वापस."

हे 'येशील वापस' मला फार झोंबलं. मी सत्यनारायण घातला आणि प्रत्येकाला तोंडी बजावलं, आहेर आणू नका, ठेवायला जागा नाही. पण आपल्या लोकांना आहेर नको म्हणणं म्हणजे मोठा आण म्हणण्यासारखंच. स्टीलचे डबे आले, टिफिन आले, कढई आली, परात आली. भोपाळपासूनची एक मैत्रीण भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली. "हा काही आहेर नाही हो, असंच आपलं," असं प्रत्येकजण म्हणत होता. पूजा होईपर्यंत खाट दिसेनाशी झाली. वहिनी त्या ढिगाकडे पाहून गालात हसली. एवढं सामान घेऊन ही इथे किती दिवस टिकते, असंच त्या हसण्यात होतं.

मला राग आला, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

शिरा मी भरपूर केला होता. एकेक डबा उघडला, शिऱ्याने भरला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. कढईत भरला, टिफिनच्या तिन्ही पुडांत भरला. घड्याळाच्या खोक्यावर द्रोण ठेवला आणि खोक्यासकट हातात दिला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? मावशी, आत्या, शेजारणी, सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एक छत्तीसगढी शेजारीण तेवढी खुशीत उठली. "हव दीदी, परसाद ला कोन मना करही," म्हणाली आणि आपली परात डोक्यावर घेऊन गेली.

सगळ्यात शेवटी दादा उरला. त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. वरच्या खोलीची.

"हा माझा आहेर. याच्यात शिरा कसा भरशील?"

तो चिडवत नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि माझेही. आई गेल्यावर माझं सगळं त्यानेच केलं होतं. किल्ली ठेवून घेतली असती तर काय बिघडलं असतं? जागा तर तिला काहीच लागली नसती. पण मला ठाऊक होतं, ती किल्ली घरात असेपर्यंत ही खोली म्हणजे माझा रुसवा ठरणार होता.

मी किल्ली त्याच्या द्रोणात ठेवली, शिऱ्याच्या कडेला. मग माझ्या कुलपाची दुसरी किल्ली काढून तिच्या शेजारी ठेवली.

"दादा, मी नाही येत वापस. तू येत जा. केव्हाही ये."

दादा उठला. द्रोण दोन्ही हातांनी धरून गल्लीतून निघून गेला.

अजूनही येतो, बहुतेक रविवारी. माझी किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली असते. तरी तो दार वाजवतो, आणि मी उघडेपर्यंत बाहेर उभा राहतो.