झाकणाचा रंग

माझ्या थोरल्या जाऊबाई एकवीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात. आधी मनात देवाचं नाव घेतात, मग बाटलीचं लाल झाकण पुढे धरून विचारतात, "रंग कोणता?" लोक घरी बाटल्यांची अदलाबदल करतात, म्हणून त्यांना झाकणाचा रंग बघायची लावलेली सवय.

त्या दिवशी माझ्याही डोळ्यांत थेंब होते. बाकावरून खिडकी दुधात विरघळल्यासारखी दिसत होती, माणसं बिनकाठाची तरंगत जात होती. शेजारी पुस्तकं बांधणारे काका येऊन बसले. त्यांचा काचबिंदू आठ वर्षांचा. डोळ्यांतला दाब ताब्यात, तरी दोन महिन्यांत नजर उतरलेली. डॉक्टरही कोड्यात पडले होते.

"काका, रंग?"

"मातकट."

"थट्टा नको. दर वेळी लाल म्हणता."

"अहो, मातकट दिसतंय तर तुमच्या धाकाने लाल म्हणू?"

जाऊबाईंचा हात थांबला. आवाज खाली आला.

"काचबिंदू नजर कडेकडेने खातो, काका. आधी रंग नाही नेत. औषधं कुठली घेता?"

"हे थेंबच की."

"डोळ्यांचं नाही विचारलं. पोटात काय जातं?"

काका पुटपुटले, "क्षयाच्या गोळ्या. चार महिने झाले. घरी ठाऊक नाही. कळलं तर सून नातीला मांडीवर देणार नाही."

"आणि आता मांडीवर असते तेव्हा तिचं तोंड दिसतं?"

"कान दिसतात. केस दिसतात. मधे नुसता धूर."

जाऊबाईंनी बाटली तशीच बंद केली. "उठा. डॉक्टरांना सांगू. मी आहे बरोबर." धुरकट उजेडात दोघं एकच आकृती होऊन आत गेली.

त्या गोळ्यांतली एक काहींच्या डोळ्यांच्या नसेला बाधते. क्षयाच्या डॉक्टरांशी बोलून ती त्याच दिवशी बंद झाली, बाकीच्या चालू राहिल्या. सुनेलाही डॉक्टरांनीच बोलावून सगळं समजावलं. नातीची तपासणी झाली, पोरगी ठणठणीत निघाली.

पाच महिन्यांनी मी जाऊबाईंचा डबा घेऊन गेले, तर काका त्याच बाकावर, नात मांडीवर. झाकण पुढे आलं. काकांनी ते जवळ घेतलं, लांब धरलं.

"लाल. पण विटका."

"असू दे. देवाने तेवढं तरी परत दिलं. आणि हिचं तोंड?"

काकांनी नातीची हनुवटी वर केली आणि निरखून पाहिलं.

"नाक माझ्यावर गेलंय हो, बिचारीचं."